पुडा तोच, किंमत तीच, वजन मात्र कमी : मराठवाड्यातील किराणा ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगर येथील सुपरमार्केटात बिलाच्या रांगेत उभे राहिले की एक तक्रार हमखास कानावर येते. यादी गेल्या महिन्याचीच आहे, पैसे मात्र जास्त लागले. आणि त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे महिनाभर पुरणारा किराणा आता पंचविसाव्या तारखेलाच तळाला जातो. पहिल्या अर्ध्या तक्रारीचे कारण भाववाढ आहे, हे सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या अर्ध्या तक्रारीचे कारण पाकिटाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले असते आणि बहुतेक घरांत ते वाचले जात नाही. त्यासंबंधी सतत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

पाकिटाची किंमत बदललेली नाही, मग महागाई झाली असे कसे म्हणता येईल?

माझ्या घरी चहापत्तीसाठी काचेची एक जुनी बरणी आहे. पूर्वी एक पाकीट फोडून ओतले की पत्ती बरणीच्या गळ्याशी येत असे, आणि झाकण बसावे म्हणून बरणी दोनदा ओट्यावर हलकेच आपटून पत्ती खाली बसवावी लागे. आता त्याच रंगाचे, त्याच चित्राचे पाकीट शेवटच्या कणापर्यंत झटकून ओतले तरी वर दोन बोटे जागा उरते. बरणी बदललेली नाही, पाकिटाची रुंदी-उंचीही नजरेला तेवढीच भासते. कमी झाली आहे ती आतली पत्ती.

हिशेब करून पाहिल्यास ही भाववाढच ठरते. समजा, १० रुपयांच्या पुड्यात पूर्वी ८० ग्रॅम माल होता आणि आता ६८ ग्रॅम आहे. पूर्वी तो माल किलोला १२५ रुपये पडत होता, आता १४७ रुपये पडतो. वजन १५ टक्क्यांनी घटले आहे, पण भाव साडेसतरा टक्क्यांहून अधिक वाढला आहे. हा फरक ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण कमी होणारे वजन आणि वाढणारा भाव यांची टक्केवारी कधीच सारखी नसते. भाववाढ नेहमी वजनघटीपेक्षा मोठी असते. वजन निम्मे झाले तर भाव दुप्पट होतो, हे उदाहरण घेतले की मुद्दा चटकन पटतो.

वजन कमी करून तीच किंमत ठेवणे बेकायदेशीर नाही का?

पाकिटावर छापलेले वजन खरे असेल तर बेकायदेशीर नाही. अनेक ग्राहकांना हे उत्तर आवडत नाही, परंतु वस्तुस्थिती तशीच आहे.

आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद वस्तूंना वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ आणि त्याखालील २०११ चे आवेष्टित वस्तूंविषयीचे नियम लागू होतात. या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत चहा, बिस्किटे, डाळी, पीठ, मीठ, खाद्यतेल, साबण अशा १९ प्रकारच्या वस्तू कोणकोणत्या वजनांत बांधून विकाव्यात हे ठरवून दिलेले होते. २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ही अनुसूची काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी दर ग्रॅम किंवा दर किलो किती भाव पडतो हे पाकिटावर छापण्याची सक्ती करण्यात आली. उत्पादकाने हव्या त्या वजनाचे पाकीट काढावे आणि ग्राहकाने भावाची तुलना करून निवड करावी, असा त्यामागचा विचार होता.

विचार वाईट नव्हता; पण तो सफल व्हायचा तर तुलना करण्याजोगा आकडा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर यायला हवा. प्रत्यक्षात किंमत ठळक असते, चित्र त्याहून ठळक असते आणि दर ग्रॅमचा आकडा पाकिटाच्या शिवणीजवळ, तारखेच्या शेजारी, कधी अर्धवट पुसलेला आढळतो. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना असा नियम लागू झाला आहे की, एखाद्या वस्तूचे वजन घटवून तिचा दर किलो भाव वाढला असेल तर तसा फलक त्या वस्तूजवळ दोन महिने लावावा लागतो. आपल्याकडेही ‘या पाकिटाचे वजन पूर्वीपेक्षा कमी केले आहे’ असे पाकिटाच्या दर्शनी बाजूवर छापण्याची सक्ती व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जो बदल ग्राहकाच्या खिशातून जातो, तो ग्राहकाला सांगूनच व्हायला हवा.

दर ग्रॅमचा भाव कोठे पाहावा आणि कसा वाचावा?

कमाल किरकोळ किमतीच्या जवळच हा आकडा छापलेला असतो. वजन एक किलोपेक्षा कमी असेल तर भाव दर ग्रॅमला, एक किलोहून अधिक असेल तर दर किलोला दिलेला असतो. द्रव पदार्थांना हीच रीत मिलिलिटर आणि लिटर यांच्या रूपाने लागू होते. पाकीट नेमके एक किलोचे असेल तर किंमत आणि दर किलो भाव एकच असल्याने तो वेगळा छापावा लागत नाही.

येथे दोन अडचणी येतात. पहिली अशी की, ९०० ग्रॅमच्या पाकिटावर भाव ग्रॅमला आणि सव्वा किलोच्या पाकिटावर तो किलोला दिलेला असल्याने दोन्ही पाकिटे शेजारी ठेवली तरी सरळ तुलना होत नाही. त्यासाठी दर ग्रॅमच्या आकड्याला हजाराने गुणावे, ०.३२ रुपये ग्रॅम म्हणजे ३२० रुपये किलो. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. हा आकडा पैशापर्यंतच, म्हणजे दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत देतात, आणि ग्रॅममागे एका पैशाचा फरक म्हणजे किलोमागे दहा रुपयांचा फरक असतो. त्यामुळे पीठ, रवा, पोहे यांसारख्या स्वस्त वस्तूंच्या दोन पाकिटांवर ०.०६ हाच आकडा छापलेला असूनही एक किलोला ५६ रुपये आणि दुसरे ६४ रुपये पडत असू शकते. अशा वस्तूंच्या बाबतीत छापील आकड्यावर विसंबू नये. मोबाइलमधील कॅल्क्युलेटरवर किंमत भागिले ग्रॅम, गुणिले हजार, एवढे करण्यास दहा सेकंद लागतात. शाळेत जाणारी मुले हा हिशेब हौसेने करतात, हा स्वानुभव आहे.

कंपन्या सरळ किंमत का वाढवत नाहीत?

पाच आणि दहा रुपये या किमती आपल्या बाजारात नाण्यांशी बांधलेल्या आहेत. खेड्यातल्या दुकानात लहान मूल पाच रुपयांचे नाणे घेऊन येते. पुड्याची किंमत सहा रुपये झाली तर एक रुपया कोठून आणायचा आणि दहा रुपये दिले तर चार रुपयांचे सुटे कोणी द्यायचे, असा प्रश्न उभा राहतो. दुकानदारही असा माल ठेवण्यास नाखूश असतो. म्हणून लहान पुड्यांची किंमत वर्षानुवर्षे स्थिर राहते आणि कच्च्या मालाच्या भाववाढीचा सगळा भार वजनावर टाकला जातो. २०२२ साली पामतेलाचे भाव कडाडले तेव्हा व्हिम या भांड्यांच्या साबणाच्या १० रुपयांच्या वडीचे वजन १५५ ग्रॅमवरून १३५ ग्रॅमवर आल्याच्या बातम्या देशभर प्रसिद्ध झाल्या होत्या. किंमत जागच्या जागी राहिली, भाव मात्र जवळजवळ १५ टक्क्यांनी वाढला.

मोठ्या पाकिटांच्या बाबतीत नाण्याची सबब लागू होत नाही. तेथे एक किलोचे ९०० ग्रॅम, अर्ध्या किलोचे ४५० ग्रॅम होते, ते ग्राहकाची नजर किमतीवर असते आणि वजनावर नसते एवढ्याच कारणाने. लहान पुड्यामागची अडचण समजून घेता येते. मोठ्या पाकिटाची ही रीत मला पटत नाही.

तेलाची पिशवी एक लिटरची समजून घेतली, ती तशी नसते का?

असेलच असे नाही. खाद्यतेल हा या विषयातला सर्वांत गोंधळाचा प्रकार आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देणे भाग आहे.

तेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन ३० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ९१३ ग्रॅम भरते. तेच तेल ६० अंशांपर्यंत तापवले की ते फुगते आणि त्या तापमानाच्या एका लिटरचे वजन सुमारे ८९३ ग्रॅमच भरते. पूर्वी काही उत्पादक पाकिटावर ‘६० अंश तापमानाला’ असा उल्लेख करून आकारमान देत असत. म्हणजे कागदावर लिटर पूर्ण, पण वजनात वीस ग्रॅमची तूट. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये उत्पादकांना तापमानाचा उल्लेख काढून आकारमानासोबत वजनही छापण्यास सांगितले.

ती पळवाट बुजली, पण वजने मोकळी झाल्यानंतर दुसरी अडचण निर्माण झाली. आता ९१० ग्रॅम, ८७० ग्रॅम, ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, ७५० ग्रॅम अशा अनेक वजनांच्या पिशव्या एकाच फळीवर, जवळजवळ एकाच आकाराच्या दिसतात. आमच्याकडे तेलाची पिशवी कोपरा कापून डब्यावर उलटी टांगून ठेवण्याची पद्धत आहे. शेवटचा थेंब डब्यात पडावा म्हणून ती तासभर तशीच ठेवली जाते. थेंबाथेंबाची काळजी घेणाऱ्या त्याच घरात ९१० ऐवजी ८५० ग्रॅमची पिशवी आणली जाते आणि ६० ग्रॅम तेल, म्हणजे एका भाजीच्या फोडणीहून अधिक, दुकानातच राहते. पिशवी पाच-सात रुपयांनी स्वस्त दिसली की हात तिच्याकडे जातो. तेल घेताना लिटरचा आकडा सोडून केवळ ग्रॅम पाहावेत आणि किलोचा भाव काढूनच दोन पिशव्यांची तुलना करावी.

मराठवाडा सोयाबीनचे आगर आहे. मग येथेच तेल महाग का, आणि शेतकऱ्याला भाव का नाही?

हा प्रश्न लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, आडतीवर बसलेल्या शेतकऱ्याकडून आणि त्याच गावातल्या सुपरमार्केटात उभ्या असलेल्या त्याच्या सुनेकडून, असा दोन्ही बाजूंनी विचारला जातो. दोघांचाही राग खरा आहे.

भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशातून येते. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया आणि युक्रेनमधून येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाले आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद ठेवली, तेव्हा औसा किंवा वसमतच्या किराणा दुकानातील डब्याचा भावही चढला. त्यानंतर १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयात शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते कमी करून १६.५ टक्क्यांवर आणले. तेलाचा किरकोळ भाव या चढउतारांच्या मागोमाग फिरतो.

शुल्कवाढीचा हेतू देशातील तेलबिया उत्पादकाला भाव मिळावा हा होता. परंतु १०० किलो सोयाबीन गाळले तर तेल जेमतेम १८ ते २० किलो निघते आणि उरलेला बहुतांश माल पेंड म्हणून पशुखाद्यात व कुक्कुटखाद्यात जातो. सोयाबीनचा भाव त्यामुळे तेलाइतकाच, किंबहुना तेलाहून अधिक, पेंडीच्या मागणीवर ठरतो. जगात पेंडीचा सुकाळ झाला आणि देशात इथेनॉल कारखान्यांतून निघणारा धान्याचा स्वस्त चोथा पशुखाद्यात वापरला जाऊ लागला, तेव्हा पेंडीचे भाव पडले. म्हणूनच २०२४ च्या हंगामात तेल महागले असताना सोयाबीन क्विंटलमागे ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले गेले. एकाच शेतकरी कुटुंबाने स्वस्त विकले आणि महाग विकत घेतले. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत तर मराठवाड्यात अनेकांचे विकण्याजोगे पीकही हाती राहिले नाही. तेल मात्र त्यांनाही विकतच घ्यावे लागते.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. दोन पिढ्यांपूर्वी मराठवाड्यातील बहुसंख्य घरांत करडईचे किंवा शेंगदाण्याचे, गावच्या घाण्यावर गाळलेले तेल खाल्ले जात असे. ज्वारीच्या पट्ट्यांत मधूनच करडईचे तास, म्हणजे ओळी, असत. ते तास शेतातून गेले आणि स्वयंपाकघर परदेशी बंदरांना जोडले गेले. आजच्या भाववाढीची मुळे शोधताना हे विसरून चालणार नाही.

तूर पडली तरी तूरडाळ स्वस्त का होत नाही?

शंभर किलो तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ मिळते. उरते ती चुणी, टरफल आणि घट. तूर ७,५०० रुपये क्विंटल धरली तर डाळीच्या किलोत नुसत्या तुरीचाच खर्च १०० ते १०७ रुपये होतो. त्यावर गिरणीचा खर्च, वाहतूक, बारदाना, पाकीटबंदी आणि दुकानाचा नफा चढतो. चुणी विकून गिरणीवाल्याला थोडे परत मिळते. एवढे धरूनही सुपरमार्केटातील डाळीचा भाव तुरीच्या भावासोबत उतरत नाही, हे निरीक्षण खरे आहे. भाव चढताना दुसऱ्या दिवशी नवा दर लागतो, उतरताना जुना महाग माल संपेपर्यंत जुनाच दर राहतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तूर हातची गेली आणि पुढच्या वर्षी डाळ कडाडली. नंतर आयात आणि चांगले पीक यांमुळे २०२५ मध्ये तूर हमीभावाच्याही खाली गेली. डाळीचे पाकीट त्या मानाने हळूहळूच उतरले.

अशा काळात सुट्टी डाळ आधी उतरते आणि पाकीटबंद डाळ नंतर, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मोंढ्यातील एका दुकानात दर विचारून मगच पाकीट घ्यावे.

मोठे पाकीट घेतले तर नक्की स्वस्त पडते ना?

नेहमी नाही. शाम्पूसारख्या वस्तूंत एक-दोन रुपयांची पुडी बाटलीपेक्षा मिलिलिटरमागे स्वस्त पडल्याचे अनेकदा आढळते. ‘फॅमिली पॅक’ हे शब्द आकाराविषयी आहेत, भावाविषयी नाहीत.

महागाई कमी झाल्याचे सरकारी आकडे सांगतात, मग बिल का उतरत नाही?

महागाईचा दर आणि भावाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील किरकोळ अन्नमहागाई १०.८७ टक्के होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती शून्याच्या खाली, उणे ५.०२ टक्के नोंदली गेली. आता ऑक्टोबर २०२३ मध्ये १०० रुपयांना मिळणारी टोपली घ्या. ती वर्षभरात सुमारे १११ रुपयांची झाली आणि पुढील वर्षी सुमारे १०५ रुपयांवर आली. आकडा उणे असला तरी टोपली पूर्वीइतकी स्वस्त झालेली नाही. शिवाय ही घसरण मुख्यतः भाजीपाला आणि डाळींतली होती; तेल त्याच काळात महागच होते.

दुसरे कारण घराघरांत वेगळे आहे. २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात दरडोई खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के खर्च अन्नावर होतो. ही सरासरी आहे. ऊसतोडीवरून परतलेल्या किंवा रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबात हा वाटा पुष्कळ मोठा असतो आणि ते कुटुंब पाच-दहा रुपयांचे लहान पुडेच रोजच्या रोज घेते. वजनघटीचा मार सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त त्यांनाच बसतो, आणि त्याची तक्रार मात्र सर्वांत कमी ऐकू येते.

जीएसटी कमी झाला होता. त्याचा फायदा कोठे दिसावा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटे, साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट आणि केसांचे तेल यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर तूप, लोणी आणि पाकीटबंद फरसाण यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. फायदा दोन रूपांत दिसू शकतो : किंमत कमी किंवा त्याच किमतीत वजन जास्त. पाच-दहा रुपयांच्या पुड्यांत अनेक उत्पादकांनी दुसरा मार्ग घेतला. जुने पाकीट घरी असेल तर नव्यासोबत वजन ताडून पाहावे.

डाळी, पीठ, तांदूळ यांची गोष्ट निराळी आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद आणि लेबल असलेल्या धान्यावर, डाळींवर आणि पिठावर ५ टक्के कर लागतो; सुट्ट्या मालावर लागत नाही. तो कर २०२५ च्या बदलातही कायम राहिला.

मग सुट्टा माल घेणे चांगले की सुपरमार्केट?

ज्वारी, गहू, डाळी, हळद, मिरची यांसारखा वर्षाचा माल हंगामात मोंढ्यातून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेणे बहुधा स्वस्त पडते. हळद हिंगोली-वसमतच्या भागातून, तूर लातूरकडून, ज्वारी परभणी-बीडकडून घेणारी घरे आजही आहेत. बचत गटातील आठ-दहा घरांनी मिळून कट्टा उतरवला आणि वाटून घेतला तर आणखी फरक पडतो. मात्र सुट्टा माल निवडावा लागतो, वाळवावा लागतो, कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा लागतो. हे कष्ट बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतात आणि ते हिशेबात धरलेच पाहिजेत.

सुट्ट्या मालातही ‘मापात पाप’ होऊ शकते. आठवडी बाजारात आजही कोठे कोठे पायली-मापट्याने धान्य मोजून देतात. तेथे किलोत वजन करून मागावे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करून घेणे व्यापाऱ्याला बंधनकारक आहे. काट्यावर माल ठेवण्यापूर्वी शून्य दिसते का, एवढे पाहिले तरी बऱ्याच गोष्टी टळतात.

वजन तेच आहे, पण चव आणि दर्जा उतरला आहे. हे काय आहे?

वजन न घटवता महाग घटकाच्या जागी स्वस्त घटक वापरणे, हा त्याच प्रकाराचा दुसरा अवतार आहे. पाकिटावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देणे बंधनकारक असते; जो पदार्थ आधी, तो जास्त. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या पदार्थाला आइस्क्रीम म्हणता येत नाही, त्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे छापावे लागते. आवडत्या वस्तूची यादी अधूनमधून वाचावी. पामतेल दुसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर आले असेल तर चव का बदलली ते कळते.

पाकिटात छापल्यापेक्षा कमी माल निघाला तर?

हा मात्र कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि वजनघटीशी त्याची गल्लत करू नये. यंत्राने भरताना थोडा फरक पडणार म्हणून नियमांत मर्यादा दिली आहे : ५०० ग्रॅम ते एक किलोच्या पाकिटाला १५ ग्रॅम, १०० ते २०० ग्रॅमच्या पाकिटाला साडेचार टक्के. त्याहून अधिक तूट चालत नाही. वजन मालाचे धरायचे, वेष्टनाचे नाही. शंका आल्यास पाकीट न फोडता वजन करावे, मग रिकाम्या वेष्टनाचे वजन करून वजा करावे.

फळीवर एक दर आणि बिलात दुसरा, असे झाले तर काय करावे?

काउंटरवरच थांबून बिल तपासावे. गेल्या वर्षी एका सुपरमार्केटात माझ्या बिलावर तूरडाळीचे पाकीट फळीवरील चिठ्ठीपेक्षा अठरा रुपयांनी महाग लागले होते. चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवताच फरक परत मिळाला, पण माझ्या मागच्या ग्राहकांच्या पिशव्यांतही तीच डाळ होती आणि त्यांना कोणी काही सांगितले नाही. छापील कमाल किमतीपेक्षा अधिक रक्कम घेणे तर सरळ नियमभंग आहे. किंमत वाढवण्यासाठी पाकिटावर नवी चिठ्ठी डकवता येत नाही. कमी करण्यासाठी डकवता येते, तीही मूळ किंमत न झाकता.

तक्रार कोठे करावी आणि त्यासाठी काय जपून ठेवावे?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते. वजनातील तूट, जादा किंमत किंवा पाकिटावरील अपुरी माहिती यांसाठी राज्याच्या वैध मापन शास्त्र यंत्रणेकडे, म्हणजे लोक ज्याला वजनमापे कार्यालय म्हणतात तेथे, लेखी तक्रार द्यावी. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो. त्यासाठी वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

बिल, पाकिटाचा बॅच क्रमांक, तारीख आणि किंमत दिसेल असा फोटो, आणि शक्य असल्यास न फोडलेले दुसरे पाकीट एवढे ठेवावे. सुपरमार्केटांची बिले उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची असतात. उन्हाळ्यात ती महिन्याभरात पांढरी पडतात, म्हणून घरी आल्या आल्या बिलाचा फोटो काढावा. वजन घटल्याचे दाखवून द्यायचे असेल तर जुने रिकामे पाकीट हाच एकमेव पुरावा असतो. चहा, तेल, साबण आणि बिस्किटे यांचे प्रत्येकी एक वेष्टन मी आता धुऊन, वाळवून, वर खरेदीची तारीख लिहून फडताळात ठेवतो आणि नवे आणले की दोन्हींवरील ग्रॅम शेजारी धरून वाचतो.